मागच्या सीटखाली

लखमीचंद : आधी हा भोंगा कायमचा बंद कर. मग कुलपाचं बोलू.

अल्ताफ : कशानं करू शेठ, दातानं? पकड, टेस्टर, सारं सामान दुकानात हाय. अन् दुकानाले कुलूप तुमी ठोकलं.

लखमीचंद : दुकान तुझं, गाळा माझा. माझ्याच गाळ्यात बसतो अन् माझ्याच गाडीत भंगार अलार्म बसवतो! काल मंदिरात जैन मुनिमहाराजांचं प्रवचन चालू, अन् बाहेर ही बोंबलली. सारा समाज मान वळवून माझ्याकडे पाहे. अनवाणी पळालो मी!

अल्ताफ : म्हणून माह्या बिऱ्हाडालेबी कुलूप ठोकता? मागच्या खोलीत आमी राहतो, ते काय तुमाले ठाऊक नाही? माही बायको जमीला सकाळपासून पायरीवर बसून हाय. कणीक मळलेली आत तशीच पडली.

लखमीचंद : मग नीट काम करायचं होतं. दोन खेपा दुरुस्त करून देली तू. दोन्ही खेपेस पुन्हा वाजली.

अल्ताफ : धक्क्याचा सेन्सर कमी केला होता. मले वाटलं, बाजूनं ट्रक जाते, त्याच्यानं वाजत असन.

लखमीचंद : वाटलं! साऱ्या कामरगावात माझी फजिती, अन् याले वाटलं!

अल्ताफ : आवाज चढवू नका. हा पाहा, धक्क्याचा सेन्सर हातानंच उपटून टाकला. आता मारा गाडीले लात.

लखमीचंद : मी काहून मारू? तू मार.

अल्ताफ : घ्या, मारली. वाजली? नाही. आता काचा वर, दरवाजे बंद. सरका मागं. कोणी हात लावू नका.

(दोघं मागं सरकतात. भोंगा वाजतो.)

लखमीचंद : घे! कोणी जवळ नाही, कोणी शिवलं नाही. बस झालं आता. गाळा खाली कर. तुझं सामान मीच बाहेर काढून ठेवतो.

अल्ताफ : सामानाले हात तर लावून पाहा!

लखमीचंद : धमकी देतो? मले?

अल्ताफ : एक मिनिट गप राहा शेठ, खुदा के वास्ते! एक सेन्सर बाकी हाय, आतला. काचेतून कोणी हात घातला तरी ओरडला पाहिजे, असं तुमीच म्हणले होते ना? तो आत काही हललं तरच वाजते.

लखमीचंद : आत कोण हाय? भूत?

अल्ताफ : सीट उचलतो, कळन. हे सोयाबीन कुठून आलं इथं?

लखमीचंद : धान्याचा व्यापारी हाय मी. माझ्या गाडीत काय मोती सापडतीन?

अल्ताफ : या अल्ला! काकू, ओ पानाकाकू! जरा बाहेर या.

लखमीचंद : माझ्या बायकोले कायले मधात आणतो?

पानाबाई : आली, आली. काय झालं? किती ओरडता दोघं!

अल्ताफ : काकू, गोदामातले उंदीर पिंजऱ्यात धरून तुमीच नेता ना?

पानाबाई : मग काय मारायचे? कारंज्याले दर्शनाले जाता जाता शिवारात सोडतो. पिंजरा मागं डिक्कीत ठेवते मी. मागच्या खेपेस त्याचं दार उघडंच दिसलं. मले वाटलं, यांनी सोडले.

लखमीचंद : मी कुठं सोडले? मले वाटलं, तू सोडले.

अल्ताफ : कोणीच नाही सोडले. एक सीटखाली घुसली अन् तिथंच व्याली. गादीचा कापूस कुरतडून घर केलं तिनं. पाहा.

पानाबाई : अगं बाई! डोळेबी नाही उघडले अजून.

लखमीचंद : ए, हात काढ! हात लावू नको त्याईले. सीट हळू ठेव. हळू!

अल्ताफ : म्हणजे माहा अलार्म खोटा नव्हता बोलत.

लखमीचंद : शहाणपणा नको शिकवू. तुले तरी कुठं कळलं?

अल्ताफ : नाही कळलं. पण कुलूप तुमी लावलं, मी नाही.

पानाबाई : भांडण मग करा. या पिलाईचं काय करायचं ते सांगा.

लखमीचंद : काय करायचं? राहू दे. गाडी हलवायची नाही. चालू लागले की मग सोडू. आता कुठं जाईन ती लेकरं घेऊन? अल्ताफ, तो आतला सेन्सर काढ अन् निघ.

अल्ताफ : काढला. झाला भोंगा बंद. निघू कुठं, ते सांगा शेठ.

लखमीचंद : म्हणजे?

अल्ताफ : उंदरीले जागा देली तुमी. जमीला अजून पायरीवरच हाय.

पानाबाई : अहो, किल्ली कुठं हाय?

लखमीचंद : तू मधात पडू नको. साऱ्या समाजात माझी शोभा झाली, ती कोण भरून देईन?

पानाबाई : पिंजरा मी ठेवला होता. मलेबी बसवा पायरीवर.

(लखमीचंद खिसा चाचपतो.)

पानाबाई : किल्ली.

लखमीचंद : घे रे. अन् शटर हळू उघड. पिल्लं दचकतीन.