आपल्याला म्हणायचं काय?

नवं राज्य होऊन महिना झाला होता. रहिवासी दाखल्याच्या रांगेत शिंपीणबाई तिसऱ्या होत्या. त्यांच्यापुढे निवृत्त मास्तर आणि मास्तरांचा शेजारी गवंडी.

"आपण आता नदीकर. नदीवरून नाव."

"माझ्या नळाला पाणी नाही मास्तर, मी कसला नदीकर? डोंगरवाले म्हणा."

"डोंगरवाले? व्याही हसतील!"

"हसू देत. डोंगर जागेवर तरी आहे. नदी निम्मी पलीकडच्या राज्यात गेली."

"अहो, नावाला भारदस्तपणा हवा."

"सरकार समिती नेमणार म्हणे."

"मग झालंच! नातवंडंसुद्धा बिननावाची राहणार. तुम्ही काय म्हणता, बाई?"

"मी म्हणते, रांग सरकू द्या."

खिडकीतल्या साहेबांनी दोघांचे कागद चाळले.

"हे सगळे जुन्या राज्याचे. तुम्ही या राज्यात राहता, याला पुरावा काय?"

"जन्म गेला की इथे!"

"कागदावर कुठे गेलाय? पुरावा आणेपर्यंत तुम्ही नुसते अर्जदार. चला अर्जदार, बाजूला व्हा."

"हो साहेब."

"हो साहेब."

"पुढचा अर्जदार!"

"आले, आले," म्हणत शिंपीणबाई लगबगीने पुढे झाल्या.