हरण्याला दिलेलं आवतन

चहा घ्या निवांत, फक्त आमच्या आबांसमोर विहिरीचं नाव काढू नका.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबांनी आमच्या हरण्या बैलाचा खांदा हळद-तुपानं मळला अन् रिवाजाप्रमाणं त्याच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायला नेताना हरण्या बुजला अन् बिनकठड्याच्या विहिरीत पडला.

मी दोर आणेस्तोवर आबांनी उडी घेतल्ती. बैलाचे पाय टेकत न्हवते. आबा कपारीवर उभे राहून त्याची मान आपल्या खांद्यावर धरून होते. क्रेन तीर्थपुरीहून यायची होती. हरण्या थरथरत होता, डोळे मिटू लागला होता.

"आबा, तुम्ही तरी वर या!"

"गप! मी सोडलं की यानं मान टाकलीच."

मंग त्यांनी हरण्याच्या कानाला तोंड लावलं. "तू आवतन घेतलंय. जेवल्याबगर जायचं न्हाई, बिलकुल न्हाई."

शेवटी क्रेन आली अन् पोटाखाली पट्टा घालून हरण्याला वर काढलं. मी आणलेला दोर त्याच्याच गळ्यात होता. क्रेनवाल्यासकट आम्ही सगळे त्याला जल्दी जल्दी घरी घेऊन गेलो. मायनं ओवाळून पुरणपोळी पुढं केली. त्यानं ती खाल्ली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

माय म्हणाली, "अरे, तुझे आबा कुठंयत?"

मी दोर घेऊन पळत सुटलो. विहिरीतून आवाज आला, "आता मलाबी आवतन लागतंय का रे?"