दोन अक्षरी, शेवटी ‘र’

परवा मला जो धक्का बसला, तो अजून ओसरलेला नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. सकाळी माझे सासरे पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी विचारलं, “खणलेला लांबट खड्डा. दोन अक्षरी, शेवटी ‘र’.”

मी मराठीत एम.ए., त्यामुळे घाईघाईने म्हणाले, “खंदक!”

“अक्षरं दोन आहेत, सूनबाई.”

तेवढ्यात माझी पाच वर्षांची मुक्ता दूध पिता पिता म्हणाली, “चर.”

मी अभिमानाने फुललेच. “बाईंनी शिकवलं?”

“नाही, केबलवाल्या काकांनी. ते रोज ओरडतात, आजोबा, पोरीला घेऊन चरात उतरू नका.”

कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत केबलसाठी महिनाभर चर खणून ठेवलाय, मुक्ताच्या खांद्याइतका खोल.

“बाबा, तुम्ही हिला घेऊन त्यात उतरता?”

“रोज. थेट बागेपर्यंत जातो तो.” बाबांनी चौकटीत ‘चर’ लिहिलं.

“अहो, माती ढासळली म्हणजे?”

“तूच म्हणालीस, गाड्यांपासून जपा. रस्त्यावर गाड्या आहेत, फुटपाथवरही दुचाक्या मागून हॉर्न देतात. चरात अजून एकही आलेली नाही.”

आई म्हणून आपण काही कामाच्या आहोत हे दाखवायला दुसऱ्या दिवशी मीच मुक्ताला बागेत नेलं, फुटपाथवरून, हात घट्ट धरून. जाताना तीन स्कूटर अंगाला घासून गेल्या.

येताना, कुणाला सांगू नका, आम्ही चरातून आलो.