मला सगळं येतं, मग एकटीनं वाजवायचं कशाला?

…अहो, पण मला सगळं येतं, मग एकटीनं वाजवून दाखवायचं कशाला? तुम्हाला सांगते, एकतीस वर्षं आमच्या बेटावरच्या बेलमाँटच्या शाळेत शिकवलं. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे आपलं आपण ओळखायचं, मगच शिकणं होतं, असं रोज फळ्यावर लिहिलं. त्याचं ते 'मेटाकॉग्निशन' असं जडजंबाल नावसुद्धा तपासनिसांपुढे घडाघडा म्हणून दाखवलं… आणि आता म्हातारपणी स्टीलबँडमध्ये पॅन, म्हणजे तेलाच्या पिंपापासून केलेलं ते सुरांचं वाद्य, वाजवायला शिकतेय, तर परीक्षा माझीच! घेणारा कोण, तर अकीम, माझाच विद्यार्थी. याला सातचा पाढा येत नव्हता हो!

आमच्याकडे नोटेशनचा कागदबिगद नसतो. अकीम दोन-चार सूर वाजवून दाखवतो, आपण तेच वाजवायचे, असं करत आठ मिनिटांचं गाणं हातात बसवायचं. ऐंशी जण एकदम वाजवतात. माझ्या शेजारी पोस्टातली यूलाली. तिच्या काठ्या जिकडे, तिकडे माझ्या. काय सुरेख वाजायचं! मला वाटायचं, मीच वाजवतेय. चांगल्या घरच्या मुलींनी तिथं जायचं नाही म्हणून लहानपणी आईनं पॅन वाजवतात त्या अंगणात पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्यामुळे यंदा कार्निव्हलच्या स्पर्धेत मंचावर चढायचंच, हा माझा हट्ट.

रविवारी दुपारी अकीमनं जाहीर केलं, मंचावर जागा कमी आहे, प्रत्येकानं एकट्यानं वाजवा. यूलाली रडकुंडीला आली… मधला भाग जमत नाही म्हणे, आठवडाभर तेवढाच घोकतेय. मी तिला म्हटलं, "अगं, घाबरतेस काय? माझ्याकडे बघ, मला सगळं येतं."

माझी पाळी आली. पहिलं मिनिट झकास. दुसऱ्या मिनिटाला शेजारी बघते, तर शेजारी कोण असणार? हात तसेच अधांतरी! पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. मी म्हटलं, ऊन फार आहे… काठीच्या टोकाचं रबर सैल झालंय… मला येतं हो सगळं.

अकीमनं मान तिरकी केली आणि थेट माझ्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "बाई, नेमकं कुठं येत नाही?"

तेसुद्धा मला माहीत नव्हतं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

यूलालीची निवड झाली. आणि मला? बँडपुढे झेंडा नाचवायला म्हणे बाईमाणूस हवंच आहे. "येईल ना, बाई?"

तेच वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. घरी आले, झाडूच्या दांड्याला टॉवेल बांधला आणि आरशासमोर पाच मिनिटं नाचवून बघितला… नाही येत हो. पण नेमकं कुठं, ते आता सांगू शकते. डावीकडे वळताना. दिवा तिथंच फुटला.