मरळ धरतो, पन खात न्हाई

आमचं गाव लोह्याच्या अलीकडं, आन् आमी लिंगायत वाणी, भांड्याचं दुकान, वडलांपासूनचं. वडलांनी एकच शिकवलं, भांडं घेताना टिचकी मारून बघायचं, आवाज बद्द आला का परत करायचं, आन् मानसाचंबी तसंच. म्हनून माझा स्वभावच शक घेनारा. दूधवाला आला का मी दूध बघायच्या आधी त्याच्या तोंडाकडं बघतो. आता तुमी लिहून घ्यायलात, नीट लिहा, मी नंतर वाचून बघनार हाय.

आता दुकान पोरगा बघतो. मला शुगर निघाली तवा डॉक्टर म्हन्ले आप्पा, रोज चालत जावा, बसून ऱ्हाऊ नका. गावाखाली तळ्याचं फुगवट्याचं पानी हाय, बेशरमाची झाडं, पानवेली, तिथवर चालत जायचो. तिथं सलीम मास्तर गळ टाकून बसलेले. उर्दू शाळेतून रिटायर झालेले, लई सभ्य मानूस. मी म्हन्लं मास्तर, ह्यात काय मजा हाय, नुस्तं बसायचं. ते म्हन्ले आप्पा, एक बार पकडके तो देखो, आन् काठी माझ्या हातात दिली.

काय सांगू तुम्हाला, मरळ मासळी लागली ना, हाताला असा हिसका बसला का छातीपर्यंत गेला. साठ वर्साचा मानूस मी, लेकरासारखा वरडलो. पन लगीच जीव खाली गेला, म्हन्लं हे काय करून राहिलो आपन, वान्याच्या घरी जन्म घेऊन. तिला दोन्ही हातांनी धरली, गळ काढला, पान्यात सोडली. ती गेली तवा कुठं बरं वाटलं.

मंग तेच सुरू झालं, दर रविवारी सकाळी. मी गांडूळ कधी लावला न्हाई, जीव घेऊन जीव धरायचा हे मला न्हाई जमायचं. मास्तरांनी फोनवरून रबरी बेडूक मागवून दिला, पोटाखाली दोन काटे, पानवेलीवर टुनुक टुनुक उड्या मारतो आन् मरळ खालून झडप घालती. धरायची आन् सोडायची. मास्तर खानारे, त्यांची मासळी जाळीच्या पिशवीत, पान्यात बुडवून ठेवलेली. मी पिशवीकडं बघायचो न्हाई, म्हंजी बघायचोच, अन् तोंड वाकडं व्हायचं. दहा वाजले का मी आदी निघायचो, पूजेची वेळ. मास्तर म्हनायचे तुमी चला, मैं समेटके आता.

घरी मी सांगितलंच न्हाई. फिरायला जातो म्हनायचो, काठी मास्तरांच्या घरी. आन् एक गोस्ट मी करायचो, ती लई वाईट, आज सांगतो. आमच्यात इष्टलिंग गळ्यातनं कधी काढत न्हाईत, झोपताना न्हाई, आजारात न्हाई. पन मासळीचा बुळबुळीत हात चुकून त्याला लागंल म्हनून रविवारी निघायच्या आधी मी लिंग काढून देवघरात ठेवायचो. मला वाटलं मी लिंगाची आब राखायलोय.

एका रविवारी दुपारी मास्तर दुकानी आले, कुकरचं झाकन बदलायला. आमची मंडळी, महादेवीबाई, तवा दुकानात होती, दोघं धा मिनिटं बोलत उभी. त्याच संध्याकाळी माझं ताट येगळं. तांब्या येगळा. चाळीस वर्सं माझ्या शेजारी बसून जेवनारी बाई, ती सैपाकघरात पाठ करून जेवली. मी इचारलं काय झालं, तर म्हनली तुमालाच ठाव.

बस, मी टिचकी मारली अन् मला आवाज फुटका आला. म्हन्लं मास्तरांनीच सांगितलं, दुसऱ्या कोनाला ठावच न्हाई. पुढच्या रविवारी तळ्यावर गेलो आन् उभ्यानंच बोललो, मास्तर, दोस्ताना असा असतो का, मानसाचं घर फोडता का. ते म्हन्ले आप्पा, मैं कुछ बोलाच नै. मी म्हन्लं चोरबी असंच म्हनतो. हे शब्द माझेच हायेत, लिहा. त्यांनी जाळी उचलली अन् गेले.

दोन महिने येगळ्या ताटात जेवलो. अन्न गोड लागत न्हाई हो. शेवटी एक दिवस मीच बायकोपुढं बसलो, म्हन्लं मी मासे धरतो, सोडून देतो, शिवाची आन, एक घास खाल्ला न्हाई, मास्तरांनी तुला अर्धंच सांगितलं. ती म्हनली कोन मास्तर? ते तर माझ्या गुडघ्याला तेल कोनतं लावू ते सांगत होते. मला कोन सांगायला कशाला पायजे, तुमी रविवारी लिंग काढून ठेवता, ते त्या दिवशी माझ्या हाताला लागलं. नुस्तं चालायला जानारा मानूस लिंग काढून जातो का? मी आदी बाई समजले होते, बाई न्हाई तर मटन!

हसू का रडू. चोराच्या मनात चांदनं म्हनत्यात, ते माझ्याच मनात होतं.

तसाच उठून मास्तरांच्या घरी गेलो. ते नमाजला गेलेले. भाबी दारात आल्या, मी काय बोलायच्या आदी त्याच म्हन्ल्या, आप्पा, तुमी सच्ची सच्ची बताओ, तुमी दोघं इतवारको जाते कहाँ थे? साल भर में एक मच्छी घर कू आई नै. पूछे तो बोलते, आप्पा कू बुरा लगता.

म्हंजी मी पूजेला निघालो का मागं मास्तर जाळी उलटी करत होते. माझ्या वाकड्या तोंडापायी. आन् मी त्यांना काय म्हन्लो.

मास्तर आले. मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरलं, म्हन्ले आप्पा, पूछ लेना था, बस. चहा पाजला. येतो म्हन्ले इतवारला. आले न्हाईत.

आता आमची मंडळीच येती माझ्यासंगं, दगडावर बसती. लिंग आता गळ्यातच, पंच्यानं बांधून घेतो. ती सोबतीला येती म्हनती, पन मला वाटतं पाळत ठेवायला. मरळ निघाली का म्हनती सोडा वं लवकर, तडफडायलीय. परवा म्हनली, हिच्या तोंडाला काटा लागतो त्याचं काय? जेवायला मातर शेजारी बसती.

मास्तर म्हनं आता वरच्या अंगाला, पुलापाशी बसत्यात. बसू दे. महादेव त्यांना सुखात ठेवो. त्यांच्या गळाला चांगली हातभर मरळ लागो, आन् ती तेवढी तरी त्यांनी घरी न्यावी.