राखाडी बाजूचं भाषण

जन्म माझा नागपूरचा, इंदोऱ्यातला. वडील गिरणीत होते, छप्पन्न साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, म्हणजे माझं वय तुम्हाला काढता येईल. इंजिनियरिंग तिथंच केलं, नोकरी केली, आणि एकोणनव्वदला बायको सुनंदा आणि मुलगी प्रज्ञा यांना घेऊन ह्यूस्टनला आलो, तेलाच्या कारखान्यांच्या पाइपांचे नकाशे काढायला. घर शुगर लँडला. काय सांगू तुम्हाला, ताई, नागपूरचा उन्हाळा काढलेला माणूस मी, पण इथल्या दमट उकाड्यानं पहिल्या वर्षी रडवलं मला. असो, तुम्ही त्या भाषणाचं विचारलंत, तेच सांगतो.

प्रज्ञा पाचवीत होती, चौऱ्याण्णवची गोष्ट. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या अठराशे एकसष्टच्या यादवी युद्धाचा एक दिवस तिच्या शाळेत दरवर्षी करतात. युद्ध सुरू झालं एप्रिलमध्ये, म्हणून हा दिवसही एप्रिलमध्ये. अर्धा वर्ग निळ्या कोटात, ते उत्तरेचे, अर्धा राखाडी कोटात, ते दक्षिणेचे, मुलं लाकडी बंदुका घेतात, भाषणं होतात, आईबाप सँडविच घेऊन जातात. प्रज्ञानं घरी येऊन नुसतं ब्लू अँड ग्रे एवढं सांगितलं, आणि आमच्या घरात एप्रिल म्हणजे चौदा तारीख, जयंतीचं निळं कापड कपाटाबाहेर काढलेलंच होतं, सुनंदानं एका रविवारी कोट शिवून टाकला. बाजू कुठली हे विचारायचं असतं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. विचारायचं काय त्यात? गुलाम सोडवणारी बाजू आपली.

सोमवारी वर्गात टोपीतून चिठ्ठ्या काढल्या आणि प्रज्ञाला राखाडी बाजू आली. नुसता कोट नाही, भाषण. टेक्ससचा एक शेतकरी युद्धाला का निघाला हे सगळ्या शाळेपुढे उभं राहून सांगायचं. बाईंनी कारणांचा कागद दिला होता, मिसेस हार्लन त्यांचं नाव, बाई तशी प्रेमळ. कागदावर चार कारणं. आपलं घर, आपली जमीन, राज्याचे हक्क, उत्तरेचे कर. मी दोनदा वाचला, मग उलटा करून मागं पाहिलं. गुलामी हा शब्द कुठंच नाही. खाली एक टीप मात्र होती, की बहुतेक राखाडी सैनिकांकडे एकही गुलाम नव्हता.

मी शाळेत फोन केला, बाजू बदलून द्या म्हटलं. बाई म्हणाल्या बदल नाही, दोन्ही बाजू समजून घेणं हाच तर धडा आहे, आणि भाषण केलं नाही तर शून्य. प्रज्ञा खोलीत जाऊन बसली. बाबा, दॅट्स अ लाय, आय कान्ट से इट, एवढंच म्हणत होती.

त्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात मी हे बोललो. आमचे आप्पा आहेत, पुण्याचे, सगळ्यांना सल्ला देतात. ते म्हणाले, अहो, ग्रीन कार्ड अडकलंय ना तुमचं, कशाला शाळेच्या वाटेला जाता, आणि खरं सांगू का, इथंपण तुम्ही तेच काढता. मी म्हटलं आप्पा, इथंपण तेच आहे, मी काय करू. ते हसले आणि म्हणाले, बरं मग एवढं सांगा, ज्याच्याकडे गुलामच नव्हता तो गुलामीसाठी मरेल कशाला? आजूबाजूचे चारपाच जण माझ्याकडे बघायला लागले. मी ताटात बघत जेवलो, पण उत्तर मला ठाऊक होतं.

मी माणूस आकड्यांचा, अंदाजानं बोलत नाही. लायब्ररीत जाऊन बसलो. एका उन्हाळ्यात संपेल असं दोन्ही बाजूंना वाटलेलं युद्ध चार वर्षं चाललं, सहा लाखांच्या वर माणसं गेली. मधे राष्ट्राध्यक्षानं बंडखोर राज्यांतले गुलाम स्वतंत्र झाले असं जाहीर केलं, मग पावणेदोन लाखांवर काळ्या माणसांनी निळा कोट चढवला आणि स्वतःसाठी लढले. दक्षिण हरली एप्रिलमध्ये, आणि आमच्या घरापासून तासाभरावरच्या गॅल्व्हस्टनला सुटकेचा हुकूम वाचला गेला जूनमध्ये. आणि टेक्ससनं देशातून बाहेर पडताना कारणं लिहून ठेवलेली आहेत, त्यात गुलामी पुन्हा पुन्हा येते. त्या लोकांनी लपवलं नव्हतं हो, लपवालपवी नंतरच्यांची.

ऑफिसात ओटिस माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, काळा माणूस, त्याचे पूर्वज इथल्याच उसाच्या मळ्यावर गुलाम. त्याला कागद दाखवला तर तो मोठ्यानं हसला, म्हणाला हाच कागद माझ्या मुलीच्या वेळी होता. मी भांडलो तर शाळेतले मला म्हणाले, तू काळा, तू असं म्हणणारच. आता तू जा, तू बाहेरचा, तू गेलास तर निदान दचकतील.

मग मी प्रज्ञाला समोर बसवलं आणि माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. भंडाऱ्याकडचं गाव. आजोबा आपल्या लग्नात पायात जोडे घालून गावातून चालत गेले म्हणून त्यांना मारलं. मारलं कोणी? गावच्या जमीनदारानं, मालगुजारानं नाही, तो माडीवरून खाली उतरलासुद्धा नाही. मारलं त्याच्या सालदारानं, वर्षभर त्याच्या शेतात राबणाऱ्या माणसानं. त्याची बायको आमच्या आजीसारखीच फाटक्या लुगड्यात. त्याच्याकडे होतं काय? एवढंच, की त्याच्याखाली कोणीतरी होतं. आजोबांच्या पायात जोडा आला तर ते जाणार होतं. प्रज्ञा म्हणाली, बाबा, माझा शेतकरी तो सालदार आहे. मी म्हटलं हो.

सुनंदानं रागारागानं राखाडी कोट शिवला, पण शिवला. भाषण प्रज्ञानं स्वतः लिहिलं, मी एक शब्द घातला नाही. शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलात, सगळी शाळा, आईबाप खुर्च्यांवर, आणि ही एवढीशी, वेणी टोपीत खोचलेली, माइकपुढे उभी. इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगतो. मी टेक्ससचा गरीब शेतकरी आहे. माझ्याकडे एकही गुलाम नाही. पण जोवर गुलाम आहेत तोवर मी सगळ्यात खालचा नाही. मी एवढ्यासाठी लढायला चाललोय, आणि माझ्या राज्यानं तसं लिहून दिलंय, तुम्ही वाचा.

टाळ्या आल्या त्या तुरळक. एक बाप उठून बाहेर गेला. बाईंनी थँक यू म्हणून पुढचं नाव पुकारलं. ग्रेड आली सी, दिलेल्या कारणांना धरून नाही असा शेरा. मी प्रिन्सिपलकडे गेलो. ते म्हणाले दहा वर्षांची मुलगी आहे, विसरून जाईल. मी म्हटलं नाही विसरणार, त्याची व्यवस्था मी केली आहे, आणि ग्रेड तुमची तुम्हाला ठेवा, मला तो कागद बदलून पाहिजे. ते म्हणाले पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी काही बघितलं नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून परत गेलो. त्याच्या पुढच्या वर्षीही गेलो. शहाण्णवला ग्रीन कार्ड आलं तर आप्पा म्हणाले, झालं ना आता मनासारखं, आता तरी सोडा. मी म्हटलं आप्पा, इतकी वर्षं हळू बोलत होतो, आता कुठं आवाज काढायला मोकळा झालो.

आता प्रज्ञा हायस्कुलात आहे, तिचं बरं चाललंय. सुनंदा म्हणते आपली मुलगी त्या शाळेत नाही, तुम्ही जाता कशाला. पण दुसऱ्या कोणाची तरी आहेच ना. यंदा ओटिसला बरोबर नेलं. मिसेस हार्लननी आम्हाला बघून आधी मान खाली घातली, मग खणातून नवा कागद काढून पुढे केला. चार कारणं तशीच, आणि खाली पाचवं, गुलामगिरी टिकवणं. ओटिसनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मॅडम, आभारी आहे, पण नंबर चुकलाय, हे पहिलं पाहिजे. त्या म्हणाल्या, मिस्टर, एवढं झालं ते पुरेसं नाही का? मी म्हटलं नाही. एप्रिलमध्ये परत येतो.

तुमच्या मुलांचं भलं होवो, ताई, खूप शिकू देत. फक्त शाळेतून कागद आला की सही करायच्या आधी वाचत जा.