चुन्याखालच्या तीन रेघा

समारंभाचे अध्यक्ष आणि प्रांताचे अधिकारी सी बेन्नासर, दर्ग्याची व्यवस्था पाहणारे मुकद्दम सी हद्दू, गावांच्या मंडळातील माझे सहकारी, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या लल्ला तौदा, आणि ॲटलस पर्वताच्या कुशीतल्या अकरा गावांहून आलेल्या बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्तींच्या गुणांची यादी सी बेन्नासर यांनी उत्तम वाचली. मी एकाच प्रसंगाविषयी बोलणार आहे, कारण उद्या सकाळी मंडळापुढे ठराव आहे: गुरुवारचा बाजार पुन्हा खाली, नदीच्या कोरड्या पात्रात नेण्याचा.

चार वर्षांपूर्वी लल्ला तौदा खोऱ्यातल्या पूर-दरडींच्या धोक्याची पाहणी करायला आल्या आणि नकाशात बाजाराची जागा त्यांनी लाल केली. मी पुरावा मागितला. म्हणालो, "दर्ग्याची भिंत बाजाराला लागून आहे. भिंतीवर खूण नाही. पाण्याची एक तरी दाखवा."

"सी यिदीर, दर उरुसाला तुम्ही तिला चुना मारता. खूण दिसेल कशी? वीतभर खरवडू द्या मला."

सी हद्दू दारात आडवे उभे राहिले. (हसू नका सी हद्दू, आपले शब्द मला आठवतात.) "अहो बाई, आधी माझी कातडी खरवडा!"

"तुमच्या कातडीवर पुराची नोंद नाही हो, सी हद्दू."

तीन दिवस वाद चालला. शेवटी मंडळाच्या वतीने मी परवानगी दिली. नाही म्हणायला माझ्याकडे प्रामाणिक कारण उरलं नव्हतं.

चाकूच्या पात्याने त्यांनी थर उलगडले. छातीच्या उंचीवर चिखलाची रेघ निघाली. तिच्यावर चुन्याचे एकोणीस थर, म्हणजे एकोणीस वर्षं. तिच्याखाली सतरा थर सोडून दुसरी. आणखी बावीस थरांखाली तिसरी.

"एकोणीस वर्षांपूर्वी काय झालं होतं?" त्यांनी मला विचारलं.

सभागृहातल्या प्रत्येक पांढऱ्या दाढीला उत्तर ठाऊक आहे. शुक्रवारी दुपारी पाणी आलं. बाजार आदल्या दिवशीच उठला होता. दोन खेचरं तेवढी गेली. संतांच्या भिंतीला चिखल लागला असं म्हणणं आपल्याकडे अदबीला धरून नाही. म्हणून उरुसाची वाट न बघता मीच चुना मारून घेतला, आणि आपण सर्वांनी तो विषय गिळला. "भिंतीवर खूण नाही" हे माझं विधान खरं होतं. ते प्रामाणिक नव्हतं. हा फरक मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो.

बाजार वर खळ्यांच्या माळावर गेला. त्यानंतर नदीला पाणी नाही. मग टोमणे सुरू झाले. "लल्ला, तुमचं पाणी घाटात पंक्चर झालं का?" एक ऑलिव्हवाला म्हणाला, "ही चढण चढून माझी गाढवी म्हातारी झाली!" त्या म्हणाल्या, "म्हातारी होतेय ना? होऊ द्या की."

आता ठरावाचा युक्तिवाद तपासू. चार वर्षं पाणी आलं नाही, म्हणून धोका नाही. पहिल्या दोन पुरांत अंतर बावीस वर्षांचं, पुढच्या दोहोंत सतरा. शेवटच्या पुराला आज तेवीस झाली. पाणी न आलेलं प्रत्येक वर्ष कुणाच्या बाजूने मोजायचं? डोंगरात पाऊस कोसळला की चाळीस मिनिटांत पाणी पात्रात पोचतं. गुरुवारी तिथे दोन हजार माणसं असतात. वर येणारी पायवाट एक आहे, आणि तीही खेचरांनी भरलेली.

मंडळात आम्ही अकरा जण. ठरावाच्या विरुद्ध आजघडीला मी एकटा आहे.

लल्ला तौदा, आपण आम्हाला आमचीच भिंत वाचायला शिकवलीत. सर्वांच्या वतीने मी आपला ऋणी आहे. अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर माझ्या वयाकडे पाहून क्षमा असावी. युक्तिवादात दोष असेल, तर मात्र क्षमा करू नका. चहा येतोय, तोवर उठून सांगा. तोपर्यंत मी खाली बसत नाही.